पडद्यावरचे बहीणभाऊ

प्रशांत महासागरातल्या टोंगात बहीणभाऊ वयात आले की एका छपराखाली झोपत नाहीत, एकमेकांसमोर वावगा शब्द काढत नाहीत आणि एकत्र बसून पडद्यावरचं काहीही बघत नाहीत. सिनेमा नाही, बातम्या नाहीत, हवामानाचा अंदाजसुद्धा नाही. बहीण आत आली की भाऊ गुपचूप उठतो आणि बाहेर जाऊन उभा राहतो. याला कोणी धाक म्हणेल, पण हा धाक नव्हे, हा आदर. उइहा बेटावरच्या सोआकाईनं या आदरापायी उभ्या आयुष्यात रग्बीची एकही मॅच पुरती पाहिली नव्हती. त्याची थोरली बहीण लुसेआने रग्बीवेडी. ती नेमकी मध्यंतरात पाद्रीबाबांच्या घरी टीव्हीसमोर येऊन बसायची आणि सोआकाई उठून रस्त्यावर जायचा. टोंगा जिंकलं की हरलं, हे तो बहिणीच्या किंकाळीवरून ओळखायचा.

आता अशा दोघांना एकाच पडद्यावर, शेजारी शेजारी आणून बसवायचं हे जर्मनीतल्या संग्रहालयाला कुठून सुचलं, देव जाणे. पण संग्रहालयाकडे लुसेआनेच्या आईची कुपेसी होती, आणि कुपेसीसाठी लुसेआने चंद्रावर जायला तयार होती.

कुपेसी म्हणजे ठसा. झावळीचे हीर वाकवून, सालीच्या जाड पुठ्ठ्यावर काथ्यानं शिवून त्याची नक्षी करायची. त्यावर झाडाच्या सालीचं कुटून केलेलं कापड ताणायचं आणि वरून रंगाचा बोळा घासायचा, की खालची नक्षी कापडावर उमटते. या कापडाला म्हणायचं न्गातू, आणि न्गातूशिवाय टोंगात ना लग्न लागतं ना माणूस मातीत जातो. लुसेआनेच्या आईनं अशा दोन कुपेसी शिवल्या होत्या. एक वादळानं समुद्रात नेली. दुसरी आईनं कधीकाळी बेटावर राहून गेलेल्या एका जर्मन डॉक्टरीणबाईला निरोपाची भेट म्हणून दिली होती. डॉक्टरीणबाई पुढे वारल्या, त्यांच्या घरच्यांनी ती संग्रहालयाला दिली, आणि संग्रहालयानं ती फळीवर ठेवून दिली.

सोआकाईची मुलगी पेलेनाइसे पुढच्या महिन्यात लग्न करणार होती. लग्नाचा न्गातू करायचा तो आत्यानं, आणि लग्नात तो न्गातू मानानं मिळायचा तोही आत्यालाच. "वाढणारी तूच आणि पंगतीत पहिली बसणारीही तूच," असं म्हणून बायका लुसेआनेला चिडवत. पण लुसेआनेचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. तिला तो न्गातू आईच्या नक्षीचा हवा होता, आणि ती नक्षी तिला नीट आठवत नव्हती. दोन समुद्रपक्षी होते आणि मधे केवडा, एवढं पक्कं. ते एकमेकांना चोच लावून होते की मान वर करून, यावर तिचं आणि तिची मैत्रीण केसाया हिचं वादळापासून भांडण चालू होतं. तिनं हीर आणून कितीदा तरी नवी कुपेसी शिवली आणि कितीदा तरी उसवली. पक्षी कधी कोंबड्यांसारखे व्हायचे, कधी बदकांसारखे. रात्री ती डोळे मिटून आईचा हात आठवायला बघे. हात आठवे, हाताखालचं आठवत नसे.

आणि मग पेलेनाइसेला, जी शाळेत मास्तरीण होती, मोबाईलवर आजीची कुपेसी सापडली. संग्रहालयानं आपल्या फळ्यांवरच्या हजारो वस्तूंचे चहूबाजूंनी फोटो काढून जगाला दाखवायला घेतले होते. ज्यांच्या वस्तू त्यांना घरबसल्या बघता याव्यात म्हणून. पण घराण्याच्या वस्तूंच्या फोटोंवर झाकण होतं. 'घराण्याच्या परवानगीनंतर' असं लिहिलेलं, आणि खाली डॉक्टरीणबाईंचं आणि गावाचं नाव. उइहा.

पुढचं पेलेनाइसेनं पटापट जमवलं. संग्रहालयातल्या फ्राउके नावाच्या बाई म्हणाल्या, परवानगी द्या, आम्ही नुसते फोटोच काय, त्या वस्तूचं इंचन् इंच मोजमाप पाठवतो. तुमच्या राजधानीत, नुकुअलोफाच्या तंत्रशाळेत यंत्र आहे ना? ते जशीच्या तशी दुसरी करून देईल, हवी तेवढी घासा. फक्त एक अट. घराण्याचं नाव चालवणारा आणि बायकांच्या वस्तूंची मालकीण, दोघांनी एकाच वेळी, चेहरा दाखवून 'हो' म्हणायचं. पूर्वी कुठल्याशा दुसऱ्या बेटावर एका भावानं एकट्यानं होकार दिला होता आणि त्याच्या बहिणीनं नंतर संग्रहालयाला सळो की पळो करून सोडलं होतं. तेव्हापासून हा शहाणपणाचा नियम.

पेलेनाइसेनं आनंदाच्या भरात नियम वाचला आणि विसरून गेली. लग्नाळू मुलीला काय काय लक्षात राहणार!

मंगळवारी सकाळी सगळं गाव धुऊनपुसून तयार झालं. आई येणार म्हणजे काय साधी गोष्ट! कुपेसीच्या चित्रातून का होईना, येत होती. पुरुषांनी पहाटेच जमिनीत भट्टी पेटवून डुक्कर भाजायला घातलं. बायकांनी अळूच्या पानांत नारळाचं दूध आणि मांस बांधलं. पाद्रीबाबांचा टीव्ही उचलून बायकांच्या कामाच्या पडवीत आणला आणि पेलेनाइसेचा लॅपटॉप त्याला जोडला. बायका पडवीत बसल्या. पुरुषमंडळी रस्त्यापलीकडे नीरफणसाच्या झाडाखाली, सोआकाईला मधे घेऊन. झाडाच्या बुंध्याला नवरा मुलगा फेलेटी यानं आपला मोबाईल दोरीनं बांधला होता. फेलेटी शेजारच्या पांगाई गावच्या पोलीस चौकीवर शिपाई होता, त्यामुळे गाठ पक्की होती.

"तिकडे किती वाजले असतील?" केसायानं विचारलं.

"तिकडे अजून कालची संध्याकाळ आहे," पेलेनाइसे म्हणाली.

"म्हणजे ती बाई काल बोलणार आणि आपण आज ऐकणार? बघ बाई लुसेआने, काही चुकीचं बोललीस तर ते कालच पोचलेलं असेल."

पडवीत हशा पिकला. लुसेआने हसली नाही. तिनं ठेवणीतला काळा झगा घातला होता आणि कमरेला विणलेला पट्टा बांधला होता.

टीव्ही उजळला. एका चौकटीत फ्राउकेबाई, पांढरे हातमोजे घालून. दुसऱ्या चौकटीत अख्खी पडवी, आणि मध्यभागी लुसेआने. तिसऱ्या चौकटीत, लुसेआनेच्या अगदी खांद्याला खांदा लावून, सोआकाई.

लुसेआनेच्या तोंडून जी किंकाळी फुटली ती रस्त्यापलीकडे थेट ऐकू गेली आणि मोबाईलमधूनही गेली. सोआकाई वीज पडल्यासारखा बाजूला झाला. लुसेआनेनं तोंड भिंतीकडे केलं. सोआकाईच्या चौकटीत आता नुसती नीरफणसाची पानं उरली, आणि खालून हळूच एक डुक्कर आलं, त्यानं फ्राउकेबाईंकडे नीट पाहून घेतलं आणि गेलं.

"नमस्कार," फ्राउकेबाई म्हणाल्या. "हे घराण्यातले आहेत का?"

बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. केसाया तर चटईवर आडवी झाली. "सांग गं तिला," ती पेलेनाइसेला म्हणाली, "सांग, दूरचे आहेत! लग्नाच्या दिवशी जवळ येतील!"

"हसताय काय!" लुसेआने भिंतीला तोंड करूनच ओरडली. "आता करायचं काय?"

मग वादाला तोंड फुटलं. पडदा ही खोली आहे की नाही? केसाया म्हणाली, खोलीला भिंती लागतात, इथे भिंती कुठे आहेत? दुसरी म्हणाली, चौकटी आहेत की! शेजारी शेजारी! मांडीला मांडी लावून बसल्यासारखे दिसतात मेले! पाद्रीबाबा रस्त्याच्या मधोमध, म्हणजे दोन्ही पक्षांपासून समान अंतरावर, कलिंगडाच्या सरबताचा पेला घेऊन उभे होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "पवित्र शास्त्रात टीव्हीबद्दल एक अक्षर नाही. आदराबद्दल मात्र पुष्कळ आहे." आणि पेला तोंडाला लावला. असल्या उत्तरांनी गावाचं कधी भलं झालंय?

"आधी एकानं बोलावं, तो गेला की दुसऱ्यानं. नाही का चालणार?" पेलेनाइसेनं काकुळतीनं विचारलं.

"नियमात 'एकत्र' लिहिलंय," फ्राउकेबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला. "आणि नियम मीच लिहिलाय. भांडून मंजूर करून घेतलाय. त्या दोघांचं काही वैर आहे का?"

"वैर? छे हो! फार प्रेम आहे."

"प्रेम आहे म्हणून एकत्र बसत नाहीत?"

"हो."

फ्राउकेबाईंनी थोडा विचार केला. "आमच्याकडे याच्या उलट असतं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात झाडाखालच्या मंडळींनी तोडगा काढला. सोआकाईला पाठमोरा बसवला. आता त्याच्या चौकटीत एक रुंद पाठ, मानाच्या दिवशी कमरेला गुंडाळतात ती चटई आणि टक्कल एवढंच दिसत होतं. बायकांना पुन्हा हसू आवरेना.

"बाबांचं टक्कल जर्मनीत गेलं!" पेलेनाइसे डोळे पुसत म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याचंही जाईल हो थोड्या वर्षांनी," केसाया म्हणाली.

"असं चालणार नाही," फ्राउकेबाई म्हणाल्या. "चेहरा हवा. पण परवानगीचं नंतर बघू. आधी वस्तू तर बघा. आमचा रखवालदार दिवे घालवायला येईल थोड्या वेळात, आणि तो माझंही ऐकत नाही."

त्यांनी काहीतरी दाबलं आणि कुपेसी आली.

अख्खा टीव्ही भरून आली, माणसांच्या चौकटी आकसून कोपऱ्यात गेल्या. काळ्या अंधारात ती सावकाश फिरत होती. हीर दिसले, हिरांची टोकं दिसली, मागच्या बाजूच्या काथ्याच्या गाठी दिसल्या. पडवीतलं हसणं तिथल्या तिथे थांबलं. लुसेआने भिंतीकडून वळली आणि बघतच राहिली. तिला वाटलं होतं आपण आनंदानं ओरडू. तिनं नुसत्या गाठी न्याहाळल्या. त्या गाठी आईच्याच होत्या. आई गाठ मारताना शेवटचा फेर उलटा घ्यायची, आणि 'असं का' विचारलं की म्हणायची, मला येतं म्हणून.

आणि पक्षी? पक्ष्यांनी चोची लावल्या नव्हत्या आणि माना वर केल्या नव्हत्या. ते केवड्याच्या दोन बाजूंना, एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

केसाया पुढे सरकली. "अगं," ती म्हणाली, "हे तर बहीणभाऊ आहेत!"

असा काही कल्लोळ उठला की छपराखालच्या कोंबड्या उडाल्या. बायका टाळ्या पिटू लागल्या, कोणीतरी गाणं सुरू केलं, आणि रंगाचे बोळे हातात घेऊन दोघीतिघी नाचायलाच लागल्या. लुसेआनेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. नक्षी मिळाली होती. पेलेनाइसेच्या न्गातूवर आईचे पक्षी उमटणार होते. फक्त एक 'हो' मधे होता.

तेव्हा तिची नजर कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीवर गेली.

सोआकाई अजून पाठमोराच बसला होता. भोवतीचे पुरुष मोबाईलवर वाकून वाकून बघत होते, एकमेकांना कोपरं मारत होते, आणि तो मधे, ताठ. फक्त मान जराशी कलली होती आणि एक कान पडवीकडे लागला होता. आईसाठी हीर सोलून आणायचा तो. सगळ्या भावंडांत त्याचेच हीर आईला पसंत पडत. डॉक्टरीणबाई निघाल्या तेव्हा कुपेसी डोक्यावर घेऊन होडीपर्यंत तोच गेला होता, आणि परत येऊन दिवसभर कोणाशी बोलला नव्हता. आज ती समोर आली होती आणि हा माणूस पाठ करून बसला होता. का, तर बहीण बघतेय म्हणून. ही बघत राहील तोवर तो वळणार नाही. रखवालदार दिवे घालवून जाईल तरी वळणार नाही.

लुसेआनेला ते सहन झालं नाही. रग्बीचं ठीक आहे. रग्बी परत होते.

"मला तहान लागलीय," ती म्हणाली आणि उठली.

"पाणी इथेच आहे की," केसाया म्हणाली.

"मला दुसरं हवंय." आणि ती पडवीतून बाहेर पडली.

आता झालं असं की तिकडे सोआकाईच्याही डोक्यात काहीतरी शिजत होतं. मघाशी गलका झाला आणि मग बहिणीचा आवाजच येईना, हे त्यानं कान देऊन टिपलं होतं. त्याला वाटलं, आपलं टक्कल कोपऱ्यात दिसतंय म्हणून ताई खाली मान घालून बसली असणार. आयुष्यभर वाट बघितली तिनं, आणि आता आपल्यामुळे धड बघताही येऊ नये? तोही उठला. "डुकरं हाकून येतो," असं म्हणाला आणि चालू लागला.

पडद्यावर फ्राउकेबाई तेवढ्या उरल्या. एका बाजूला मालकीण नाही, दुसऱ्या बाजूला मालक नाही. मधे कुपेसी आपली फिरतेय.

"मी काही चुकीचं बोलले का?" फ्राउकेबाईंनी घाबरून विचारलं.

"आत्या!" पेलेनाइसे किंचाळली.

"मामंजी!" झाडाखालून फेलेटी ओरडला. लग्न अजून व्हायचं होतं, पण घाबरल्यावर तोंडातून मामंजीच निघालं.

आत्या आणि मामंजी रस्त्याच्या मधोमध, पाद्रीबाबांच्या पुढ्यात, समोरासमोर येऊन थबकले होते.

"तुम्ही बाहेर कशा ताई?" सोआकाईनं खाली बघत विचारलं.

"तहान लागली."

"आत पाणी नाही?"

"आहे. तुम्ही कुठे निघालात?"

"डुकरं हाकायला."

लुसेआनेनं इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावर डुक्कर नव्हतं. मघाचं केव्हाच निघून गेलं होतं आणि दुसरं भट्टीत होतं.

"बघितलंत का?" तिनं विचारलं.

"मी कसा बघणार? तुम्ही बसला होतात ना."

"म्हणून तर उठले! तुम्ही बघावं म्हणून."

"अहो, मी तुम्ही बघावं म्हणून उठलो!"

मग सोआकाईच्या पोटातून हसू आलं, आधी खांदे हलले, मग कमरेची चटई हलली. लुसेआनेनं तोंडावर हात घेतला, पण ते काही थांबेना. पाद्रीबाबांनी पेला खाली ठेवला आणि तेही हसायला लागले. पडवी रस्त्यावर आली, झाड रस्त्यावर आलं. दोन्हीकडची माणसं मधे भिडली आणि कोण का हसतंय कोणाला कळेना. जर्मनीतून फ्राउकेबाई "हॅलो, हॅलो" करत होत्या.

"दिवे जातायत!" पेलेनाइसे लॅपटॉप पोटाशी धरून धावत आली. "रखवालदार आलाय! बाबा, आत्या, काहीतरी करा!"

तेव्हा फेलेटीनं, ज्याला गावात कोणी फारसं हुशार म्हणत नसे, बुंध्यावरची आपलीच पक्की गाठ दातांनी सोडली, मोबाईल उपसला आणि धावत येऊन त्या दोघांसमोर पाय रोवून उभा राहिला. मोबाईलची पाठ त्यांच्याकडे, पडदा स्वतःकडे.

"हलू नका!" तो चौकीवरच्या आवाजात गरजला. "एकत्र बघायला बंदी आहे. एकत्र दिसायला कुठे बंदी आहे?"

सगळ्यांनी पाद्रीबाबांकडे पाहिलं. पाद्रीबाबांनी आभाळाकडे पाहिलं. आभाळ काही म्हणालं नाही.

"दिसले!" मोबाईलमधून फ्राउकेबाईंचा आवाज आला. "दोघंही दिसले! विचारू का? ही कुपेसी जगातल्या लोकांना बघू द्यायची का? आणि मोजमाप पाठवायचं का?"

"हो," सोआकाई म्हणाला. मग त्यानं अदबीनं बहिणीकडे किंचित मान झुकवली, कारण शेवटचा शब्द तिचा.

लुसेआनेनं झगा सारखा केला. "न्गातू आम्ही गादीखाली घडी घालून ठेवतो," ती म्हणाली, "पण लग्नात अख्ख्या गावापुढे पसरतो. तशीच समजा. पसरा. सगळ्यांना बघू दे. आणि खाली आमच्या आईचं नाव लिहा, ओफेइना. डॉक्टरीणबाईंचंही लिहा हवं तर, पण आईचं आधी."

"आईचं आधी," फ्राउकेबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज भरून आला होता.

आता सगळं गाव फेलेटीच्या पाठीशी दाटलं होतं. बायका पुरुषांच्या खांद्यांवरून बघत होत्या, पुरुष बायकांच्या केसांतून बघत होते. समोर मोकळ्या रस्त्यावर ती दोघं तेवढी उभी होती, आणि अख्ख्या उइहात त्या दोघांनाच पडदा दिसत नव्हता. हळूहळू समोरचे सगळे गप्प झाले.

"काय झालं?" लुसेआनेनं विचारलं. "गेले का दिवे?"

सगळे मोबाईलकडे टक लावून होते.

"केसाया, अगं बोल की! एरवी तोंड मिटत नाही तुझं. काय दिसतंय?"

केसायानं पदराची असावी तशी झग्याची कड डोळ्यांना लावली.

"एका बाजूला तुम्ही दोघं," ती म्हणाली, "आणि शेजारी ती फिरतेय. तिघं दिसताय गं. एका रांगेत."

सोआकाईनं नाक ओढलं. लुसेआनेनं त्याच्याकडे पाहिलं नाही, कारण भावाचे डोळे भरलेले बहिणीनं बघायचे नसतात. ती सरळ उभी राहिली आणि मोबाईलच्या काळ्या पाठीकडे बघू लागली. तोही तिकडेच बघत होता.

"हलू नका," फेलेटी हळूच म्हणाला. "अजून थोडा वेळ."

दोघंही हलली नाहीत.